हुशार आहे, पण

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या सरकारी शाळेत मी गणित शिकवते. दहावीला माझ्याकडे एक मुलगी होती. आईवडील चिलीहून आलेले, वडील पोलादाच्या कारखान्यात, आई हॉस्पिटलच्या किचनमध्ये, घरात सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. त्रिकोणमितीचं गणित मी फळ्यावर लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार, तेही माझ्यापेक्षा दोन पायऱ्या कमी घेऊन. ही इंजिनिअर झाली पाहिजे, असं तुणतुणं मी स्टाफरूममध्ये वाजवायचे. आमच्या करिअर सल्लागार बाई मात्र या लॅटिनो मुलींच्या हातात सरळ ब्यूटी पार्लरच्या कोर्सचे कागद ठेवायच्या. माझं डोकं फिरायचं.

अकरावीचे विषय निवडायच्या आधी पालकसभा झाली. आई आली, भाषांतराला लेकच. मी आपली पुण्यातल्या माझ्या शाळेच्या बाईंसारखी बोलले, "हुशार आहे, पण आळशी आहे. अशीच राहिली तर पुढचं गणित हिला झेपणार नाही." आमच्याकडे बाई असं बोलतात ते ज्या मुलांकडून आशा असते त्यांच्याबद्दलच. माझी आई ते ऐकून घरी मला फैलावर घ्यायची आणि मी इरेला पेटून अभ्यासाला बसायचे. या आईने शांतपणे ऐकलं, माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. मला वाटलं, काम फत्ते.

आठवड्याने फॉर्म आला. सोप्या गणितावर खूण, खाली आईची सही. ते घेतलं की इंजिनिअरिंगचा रस्ता जवळजवळ बंदच. मी चडफडत दुभाष्यामार्फत आईला फोन लावला, मुलगी फार हुशार आहे म्हणून परोपरीने सांगितलं. आई म्हणाली, तुम्ही मनाने चांगल्या आहात, तिला वाईट वाटू नये म्हणून आता असं बोलताय. खरं काय ते त्या दिवशीच सांगितलंत.

माझा नुसता संताप झाला. आईवर, सल्लागार बाईंवर, आणि खरं तर स्वतःच्या जिभेवर. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मुलीला थांबवून म्हटलं, "इतक्या वर्षांत तुझ्यासारखं डोकं मी पाहिलं नाही. तुला झेपेल. आईला समजाव."

तिने दप्तर खांद्याला लावलं. "झेपणार नाही, हे तिला मीच सांगितलं ना, मिस. माझ्या तोंडाने," ती म्हणाली. "सांगता सांगता मलाही ते पटलं."