तीन ठिपक्यांचा ठसा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी नुकताच इंजिनियर. दोघांच्याही डोक्यात हवा गेली होती. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून झालं होतं, नळाला मात्र पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा.

पुण्याला शिकताना मी सँडविच पत्र्यावर काम केलं होतं. वर-खाली पातळ धातू, मध्ये प्लास्टिक. असा पत्रा किती वाकवला तर फाटेल, हे आधीच गणितानं सांगायचं, हा माझा विषय. त्याच पत्र्याची गल्लीसाठी टाकी करू, पाणी गार राहील, असं मी सगळ्यांच्या गळी उतरवलं. करणार होते गंज बाजारात पत्र्याचं काम करणारे चाचा. धान्याच्या कोठ्या करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोठी मनासारखी झाली की झाकणाजवळ तीन ठिपक्यांचा ठसा मारायचे. निलंग्याकडची माणसंसुद्धा तो ठसा बघूनच कोठी उचलायची.

चाचांनी एक पट्टी वाकवली, कानाशी धरली.

“दोन दिस उन्हात ठिऊ, मंग बोलू. निस्ता पत्रा असता तर आत्ताच सांगितलं असतं. ह्याच्या पोटातलं प्लास्टिक वाकल्यावर बी सरकून राहिलंय.”

मी वही पुढे केली. “चाचा, गणितात बसतंय. टँकर उद्याच येणार.”

त्यांनी टाकी केली. ठसा मात्र मारेनात. “ह्याच्यावर न्हाई.” मी हट्टाला पेटलो. ठशाशिवाय गल्लीचा विश्वास बसायचा नाही म्हणालो आणि मारायला लावला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कोपऱ्यातली घडी उकलली. आठवड्याचं पाणी मातीत गेलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या. माझ्या गणितात धातू होता, उन्हानं तापलेलं प्लास्टिक कुठेच नव्हतं. हे मला तिथल्या तिथे कळलं. कुणीतरी ठशावर बोट ठेवून म्हणालं, “चाचाचा हात गेला आता.” चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दोनेक वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी कोठी घ्यायला गेलो. काम तसंच नेटकं. झाकणाजवळ बोट फिरवलं, तिथे काहीच नव्हतं.

“ठसा?”

“बंद केला,” चाचा म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो.