तहानलेल्यांची खोली

आठवड्यातून दोनदा चार-चार तास एकाच खोलीत आडवं पडलं की किस्से साचतात. अंगात साचलेलं बाकी सगळं डायलिसिसचं मशीन काढून घेतं, एवढे मात्र राहतात. नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात आम्ही तिघं होतो: जवळच्याच बोनकोडे गावचे म्हात्रेकाका, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या देशपांडेबाई आणि सरकारी ऑफिसातला क्लार्क मी. किडन्या गेलेल्या. दिवसाला पाणी अर्धा लिटर, चहा-आमटी धरून.

*

मशीन कसं चालतं ते टेक्निशियन साळवीने काकांना समजावलं. "मध्ये पडदा असतो, बारीक भोकांचा. रक्तात घाण दाट, पलीकडच्या पाण्यात अजिबात नाही. मग ती दाटीतून मोकळ्याकडे आपोआप जाते. ढकलावी लागत नाही."

काका विचारात पडले. "म्हंजे मुंबयची मानसं आमच्या गावान आली तशी?"

"अगदी तशी."

"आनि दोनी बाजूला सारखीच दाटी झाली का मंग?"

"मग थांबतं."

"आमचेकरं त अजून थांबलं नाय."

*

बटाट्यातलं पोटॅशियम आम्हाला विष. म्हणून माझी बायको फोडी रात्रभर पातेलंभर पाण्यात भिजत ठेवायची. पोटॅशियम पाण्यात उतरायचं, पाणी मोरीत जायचं. ते पाणी जाताना मी बघत उभा राहायचो, आणि बायको मला हाकलायची.

पहिल्यांदा भाजी चाखून मी म्हणालो, "यातून बटाटापण निघून गेला."

"राहिलाय तेवढा खा," ती म्हणाली, आणि तीच भाजी स्वतःला वाढून घेतली.

*

आल्याआल्या वजन व्हायचं. वजन वाढलं म्हणजे पाणी प्यालात, काट्यापुढे थापा चालत नसत. एकदा काका घड्याळ, शर्ट, चपला सगळं काढून काट्यावर चढले, तरी काटा पुढेच.

"कुठे गेला होतात?" साळवीने विचारलं.

"भाच्याच्या हलदीला."

"म्हणजे घेतलीत."

"नाय वो. समदी दारू पित व्हती. मी घराच्या मागारी जाऊन चोरून पानी प्यालो."

*

बाईंना भेटायला एक जुनी विद्यार्थिनी शहाळं घेऊन आली. शहाळ्यातही पोटॅशियम, आम्हाला ते चालत नाही हे तिला काय ठाऊक! बाईंनी हसून घेतलं, ती जाईपर्यंत मांडीवर धरून ठेवलं आणि मग आयाबाईला देऊन टाकलं. मला त्यांचा रागच आला. एक घोट तरी घ्यायचा. त्या मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

*

काकांना त्यांच्या बायकोने किडनी दिली. काही महिन्यांनी आम्ही मशीनवर असताना ते आम्हाला भेटायला आले, तोंडाला मास्क, काखेत पिशवी. डॉक्टरांनी आता उलटं फर्मान काढलं होतं: भरपूर पाणी प्या. गप्पा मारता मारता ते सारखे बाहेर जायचे आणि ओठ पुसत परत यायचे.

शेवटी मी म्हणालो, "काका, इथेच प्या."

"नको. बरं दिसतं का तं?"

"प्या हो. आम्हाला बघू द्या."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली, मास्क खाली केला आणि घटाघट प्यायला लागले. खोलीत तेवढाच आवाज. मला ते पाणी इतकं हवं होतं की मी मोकळ्या हाताने चादर धरून ठेवली. काकांचे डोळे भरून आले. ते अर्ध्यावरच थांबले आणि झाकण लावायला लागले.

तेव्हा देशपांडेबाई म्हणाल्या, "संपवा ना. सावकाश संपवा."