मेंढीला चार पाय असतात

“नॉनयुनियन,” डॉक्टर म्हणाले.

दौंडच्या दवाखान्यात माझ्या नडगीचा एक्स-रे त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता. नॉनयुनियन म्हणजे मोडलेलं हाड न जुळणं. “ही दोन टोकं बघा, गुळगुळीत झालीत. मधे फट आहे. हाडानं जुळायचा नाद सोडलाय. आता कितीही थांबलात तरी आपोआप जुळणार नाही.”

पाय मोडून सात महिने झाले होते. सात महिने मी भेटेल त्याला “धरतंय, धरतंय” म्हणून सांगत होतो, आणि ते बेणं केव्हाच हातपाय गाळून बसलं होतं.

“शिरूरला घातलेलं प्लास्टर कुणी काढलं?” डॉक्टरांनी विचारलं.

माझे वडील, आप्पा, दाराशी उभे होते. “म्या काढलं,” ते म्हणाले.

मी भडकलो. दार उघडं होतं, बाहेर बाकांवर पेशंट बसले होते, पण मला कशाचंच भान नव्हतं. “डॉक्टर, ह्यांना माणूस आन् मेंढरू ह्यातला फरक कळत न्हाई!” मी ओरडलो. “माझ्या जिंदगीचं वाटोळं केलं ह्यांनी.”

आप्पांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

आता नीट सांगतो. ज्याचा पाय आज प्लास्टरमध्ये आहे, त्याच्यासाठीच हे लिहितोय.

मी वीज खात्यात हंगामी हेल्पर होतो, नेमणूक केंदूरच्या बाजूला. खांबावरून उतरताना घसरलो, पाय खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेत अडकला आणि नडगीचं हाड, टिबिया म्हणतात त्याला, मधोमध मोडलं. शिरूरच्या डॉक्टरांनी मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. म्हणाले, “दीड महिन्यानं एक्स-रेचा फोटो काढू. तोवर प्लास्टरला हात नाही, पायावर भार नाही, आणि बिडी बंद.” आमचे साहेब भेटायला आले तेव्हा म्हणाले, “बरा हो. खांबावर चढून दाखव, कायम करायचं मी बघतो.”

म्हणजे सगळी जिंदगी त्या एका नडगीवर उभी होती. हे मला कळत नव्हतं असं नाही.

घरी कासुर्डीला आलो. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आप्पांनी चार एकरात घर बांधून फिरणं थांबवलं, पण हातातली विद्या राहिली. मेंढीचा पाय मोडला की पंचक्रोशीतली माणसं आप्पांकडंच यायची. आप्पा डोळे मिटून अंगठ्यानं हाड चाचपायचे, ओढून जाग्यावर बसवायचे, भोवती लोकर गुंडाळून बांबूच्या कामट्या बांधायचे. एकवीस दिवसांत मेंढी कळपामागं. हे मी लहानपणापासून बघत आलेलो.

चौथ्या आठवड्यात प्लास्टरच्या आत खाज सुटली. अहो, खाज म्हणजे काय सांगू! सायकलची तार आत घालून खाजवायचो. वास यायला लागला. मी आप्पांच्या मागं लागलो, “काढा हो हे.”

“डाक्टरचं काम हाय ते. आपुन हात न्हाई घालायचा,” आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तेव्हा म्हणाले, “मेंढीला चार पाय असत्यात. मोडका उचलून ती तीनावर चालती. तुला दोनच हायेत, लेका. तू टेकवशील.”

तिसऱ्या दिवशी मी जे बोललो ते अजून माझ्या घशात अडकलंय. म्हणालो, “लोकांच्या मेंढरांचे पाय जोडता येत्यात, आन् पोटच्या पोराचा येत न्हाई व्हय?”

आप्पा उठले, पाण्यानं प्लास्टर भिजवलं, विळ्यानं कापलं. लेप लावून कामट्या बांधल्या. “पाय भुईला टेकायचा न्हाई, दोन म्हैनं,” असं दोनदा बजावलं. मी आठव्या दिवशी काठी घेऊन गोठ्यामागं गेलो. पाय टेकवत गेलो आणि बिडी ओढून आलो. मग रोजच जायला लागलो. कुणाला सांगतो? फोटोची तारीखही मीच घालवली. दुखतंय म्हणजे धरतंय, असं स्वतःलाच पटवत बसलो.

तर दौंडच्या दवाखान्यात “म्या काढलं” एवढंच आप्पा म्हणाले. कुणी काढायला लावलं, ते म्हणाले नाहीत. आणि मी त्या माणसावर ओरडलो.

डॉक्टरांनी पुढं विचारलं, “बिडी ओढता?”

“कवातरी,” मी म्हणालो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली.

“बिडीनं रक्तवाहिन्या आकसतात. हाडाला रक्तच पोचलं नाही तर ते जुळणार कशानं?” डॉक्टर म्हणाले. “मी प्लेट बसवीन, तुमच्याच कमरेचं हाड काढून त्या फटीत भरीन. बिडी ओढलीत तर सगळी मेहनत पाण्यात.”

याला बोन ग्राफ्टिंग म्हणतात. बांधावर रोप लावावं तसं जिवंत हाडाचे तुकडे मेलेल्या जागी लावायचे. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला. हातोडीचे ठोके ऐकू येत होते, दुखत नव्हतं. दुखलं ते नंतर, आणि पायापेक्षा कंबरच जास्त. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो.

मग दर महिन्याला हायवेवर एसटीला हात करायचा, पाटसला उतरायचं, दुसरी गाडी धरून दौंड गाठायचं, कुबड्या सांभाळत रांगेत बसायचं. दोन महिने फोटोत काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, “थोडं पांढरं दिसतंय.” त्याला कॅलस म्हणतात, म्हणजे नवं हाड. सहाव्या महिन्यात म्हणाले, “जुळलं. जरा वाकडं आहे, इंचभर आखूडही झालंय. पण जुळलं.”

मी खांबापाशी गेलो. साहेब खाली उभे होते. चार हात वर चढलो आणि पाय थरथरायला लागला. तिथंच मिठी मारून राहिलो. “उतर बाबा,” साहेब म्हणाले. नोकरीचा विषय तिथं संपला. आता यवतला एका दुकानात बसून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो.

त्या सगळ्या काळात मी गावभर एकच गोष्ट सांगितली. आप्पांनी पाय घालवला. पारावर सांगितली, एसटीत सांगितली, पाहुण्यांना चहा देता देता सांगितली. लोकांनी ऐकली आणि आप्पांकडं जनावरं आणणं बंद केलं.

एकदा शेजारच्या वस्तीवरची एक बाई मेंढी खांद्यावर टाकून आली. “आप्पा, बघा की वो जरा. गाभण हाय.”

आप्पांनी हातसुद्धा पुढं केला नाही. “माझ्या हाताला आता गुण न्हाई, बाई,” म्हणाले.

बाईनं माझ्या कुबडीकडं बघितलं आणि मेंढी तशीच घेऊन गेली. मी तिथंच खाटेवर बसलो होतो. तोंड उघडायला पाहिजे होतं, उघडलं नाही. ती मेंढी बाजारच्या दिवशी खाटकाच्या टेम्पोत गेली.

डॉक्टरांचे उपकार मानतो, मानलेच पाहिजेत. पण डॉक्टरांना मी पेढे दिले, हात जोडले, ते झालं. दुसरं राहिलं होतं.

पुढं दोन वर्षांनी आप्पा अंथरुणाला खिळले. डोळ्यांना दिसत नव्हतं. एका सकाळी मी शेजारी बसलो, विजार वर केली आणि त्यांचा हात माझ्या नडगीवर ठेवला. म्हणालो, “आप्पा, मीच काढाया लावलं हुतं. बिडी बी ओढली, पाय बी टेकवला. तुमचा काय दोष न्हाई. मी खोटं बोललो सगळीकडं.”

त्यांचा अंगठा हलायला लागला. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत हळूहळू, मेंढीचं हाड चाचपायचे तसा. दौंडच्या त्या दिवसापासून त्यांनी माझ्या पायाला हात लावला नव्हता. मधल्या गाठीवर अंगठा थांबला, दाबून बघितला.

“धरलंय,” आप्पा म्हणाले. “वाकडं धरलंय.”

आणि हात काढून घेतला.