गोळी बदलू नका

कॅनडाला राहायला जायचं ठरवलं तेव्हा आमच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधी नोंदवायला हवं. मुलगा तिकडे स्थिरावला आहे, नात शाळेत जाऊ लागली आहे. माझी वर्तमानपत्रातली नोकरी संपली होती. वडप्याकडची शेतजमीन गोदामाला दिलेली. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनर उभे असतात. इथे का थांबायचं, असं कोणी विचारलं असतं तर मला चटकन उत्तर देता आलं नसतं. पत्नीला तर जायचंच होतं. सुकट आणि बोंबील विमानातून नेऊ देतात का, ही चौकशी तिने व्हिसाच्याही आधी केली होती.

उतारवयात परदेशी जाणाऱ्याला घर मिळतं. मुलाचं असतंच. अडतं ते दवाखान्यापाशी. कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा चांगली आहे असं तिथले लोक सांगतात, पण ती तिथल्या नागरिकांची आणि कायम रहिवाशांची. कायम वास्तव्यासाठी आईवडिलांना बोलवायचं तर अर्जदारांची सोडत निघते, आणि आमच्या मुलाचं नाव त्यात आलेलं नव्हतं. उरला तो पालकांना मिळणारा लांब मुदतीचा व्हिसा. त्यावर वर्षानुवर्षं राहता येतं, पण माणूस कागदोपत्री पाहुणाच. पाहुण्याने आपल्या दुखण्याचा खाजगी विमा आधीच काढायचा. विमा नाही तर व्हिसाही नाही.

पत्नीला रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षांपासून चालू आहे. विम्याला जुना आजार चालतो, असं आम्हाला कळवण्यात आलं. फक्त तो स्थिर हवा. पॉलिसीच्या अटी मी दोनदा वाचल्या. स्थिर याचा अर्थ असा दिलेला होता की प्रवासाआधीच्या ठरावीक महिन्यांत नवं लक्षण दिसलेलं नसावं, औषध बदललेलं नसावं, गोळीचा डोस वाढलेला नसावा, कमीही झालेला नसावा आणि डॉक्टरांनी सांगितलेली कोणतीही तपासणी बाकी नसावी. तब्येत सुधारून गोळी कमी झालेला माणूसही या व्याख्येत अस्थिर ठरतो. हे वाचून मला हसू आलं होतं, कारण तोवर आमच्या घरात कोणाला काही झालेलं नव्हतं.

मार्चमध्ये बाजारातून येताना पत्नीने मासळीची पिशवी रस्त्यात खाली ठेवली. ती पिशवी कधी खाली ठेवत नाही. पुढच्या आठवड्यात घराच्या जिन्यावर ती अर्ध्यात थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काय न्हाय, दम लागला. उन्हाचा असंल." तिसऱ्या वेळी ऊन नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी त्याला सांगितलं की उद्या आईला डॉक्टरांकडे नेतो आहे. तो मग म्हणाला, "बाबा, एक मिनिट. मी त्यांना कॉलवर घेतो." ते म्हणजे विम्याचे दलाल. तिकडेच राहणारे, पुण्याचे, बोलायला फार गोड.

"काकू, नमस्कार," ते म्हणाले. "घाबरायचं काही कारण नाही. फक्त एक विनंती. आत्ता गोळी बदलू नका."

"मी कुठं बदलते? डॉक्टर बदलतो."

"तेच म्हणतोय मी. डॉक्टरांकडे गेलात की ते काहीतरी तपासणी लिहिणार, डोस वाढवणार. मग स्थिर महिन्यांची मोजणी परत पहिल्यापासून. एकदा इथे पोचलात ना काकू, की मग हवं तेवढं दाखवा."

"आणि तवर धापा टाकायच्या?"

"आई, काही दिवसांचाच प्रश्न आहे," मुलगा म्हणाला.

"म्हंजे दम लागू दे, पण गुपचूप लागू दे. आसंच ना?"

मी दलालांना म्हणालो की अटींमध्ये नवं लक्षण असा शब्द आहे. डॉक्टरांकडे न गेल्याने लक्षण नाहीसं होतं का? आणि तिथे काही झालं, विमा कंपनीने चौकशी केली, तर हे लपवलं म्हणून दावा नाकारणार नाही का? ते म्हणाले, "काका, तसं बघितलं तर बरोबर आहे तुमचं. पण इतकं खोलात कोणी जात नाही." मी म्हणालो, पैसे द्यायची वेळ आली की सगळेच जातात. पत्नीने मात्र हा वाद ऐकलाच नाही. ती कपाटातून साडी काढत होती, सकाळी नेसायला.

भिवंडीत आमचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि लिफ्ट बंद होती. पत्नी दोनदा थांबत वर गेली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पट्टी बराच वेळ पाहिली आणि खुर्ची मागे सारत मला म्हणाले, "काका, जरा बाहेर येता?"

आपल्याकडे ही रीतच आहे. रोग्याला आत बसवून ठेवायचं आणि रोग नातेवाइकाला सांगायचा. बाहेर उभ्याउभ्या सांगितलेलं नातेवाइकाने मग आत येऊन, पाणी घालून, रोग्याला सांगायचं. मी उठलो नाही, कारण पत्नीने माझा हात धरला होता.

"बाहेर काय हाय, डॉक्टर?" तिने विचारलं. "तिथं वेगळी मशीन हाय का?"

"नाही हो काकू, तसं काही नाही..."

"मंग हितंच बोला. छाती माझी हाय. यांची तपासायला आणली असती तर मी गेले असते बाहेर."

डॉक्टर हसले. खुर्ची तिच्याकडे वळवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. हृदयाला रक्त कमी पोचतंय असा संशय आहे, इको करायचा, बहुतेक अँजिओग्राफी लागेल, आणि तोवर गोळी बदलायची. ती लक्ष देऊन ऐकत होती. दोन गोष्टी तिने परत विचारून घेतल्या. शेवटी डॉक्टर लिहायला लागले तेव्हा मी पत्नीला म्हणालो की नवी गोळी सुरू केली तर आमचा कॅनडाचा विमा पुढे ढकलला जाईल, हे तुला माहीत असावं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "लिहा डॉक्टर."

अँजिओग्राफीत एक मोठा अडथळा निघाला. ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये स्टेंट बसवला. मुलगा आला होता. आयसीयूच्या बाहेर तो माझ्या शेजारी बसून होता. दलालांचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. चौथ्या दिवशी ती घरी आली आणि जिन्याने न थांबता वर गेली. वर पोचल्यावर मागे वळून आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही खाली सामान उतरवत होतो.

मुलगा परत गेल्यावर दलालांचा फोन आला. आता दोन मार्ग आहेत, त्यांनी सांगितलं. एक, लगेच निघायचं, पण पॉलिसीत हृदय वगळलेलं असेल. दुसरा, अटीतले ठरावीक महिने थांबायचं, आणि त्या काळात औषधात काहीही बदल होऊ द्यायचा नाही.

"काय वगळणार?" पत्नीने विचारलं.

"हृदय, काकू. बाकी सगळं कव्हर आहे. पडलात, हाड मोडलं, न्यूमोनिया झाला..."

"बरंय. म्हंजे हृदय कोनला ठेवायचं नि बाकीची बाई विमानात बसवायची."

दलाल खरोखर हसले. मग त्यांनी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पुढचे काही महिने गोळ्या कमीजास्त कराव्या लागतील. पत्नीने तेवढं त्यांना सांगितलं आणि म्हणाली, "डॉक्टर बदल म्हणाला तर मी बदलणार. तुमाला इचारून न्हाय."

मुलाशी बोलणं इतकं सोपं नव्हतं. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता आणि मी तो इथे तसाच देतो. कोनच्या रस्त्यावर रुग्णवाहिका कंटेनरच्या रांगेत अडकते, हे आम्ही पाहिलेलं आहे. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर ठाणं गाठायला किती वेळ लागेल हे कोणीही सांगू शकत नाही. "तिथे राहून तुला काही झालं तर मी काय करू?" त्याने विचारलं.

"तिथं येऊन झालं तर तू काय करशील?" ती म्हणाली. "घर विकशील? हॉस्पिटलचं बिल नि आय, दोन्ही गळ्यात घेऊन बसशील? हितं मी डॉक्टरसमोर बसून बोलते. तिथं मना आधी विम्याला फोन लावावा लागंल."

"आणि तुझी नात?"

यावर तिने फोन माझ्याकडे दिला आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. फोन घेऊन तिने सांगितलं की राहायला येणार नाही. डॉक्टर हो म्हणाले तर भेटायला येईन, परतीचं तिकीट काढून, जो मिळेल तो विमा घेऊन आणि त्यात काय नाही ते माहीत असताना. आणि पोरीला शाळेच्या सुट्टीत इकडे घेऊन ये. तो नाराज झाला. दोन आठवडे त्याचे फोन फक्त माझ्यासाठी येत होते.

मग तपासणीची तारीख आली. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला आणि डोस वाढवला. खाली उतरून रिक्षा मिळेपर्यंत पत्नीने दवाखान्याच्या दारातूनच मुलाला फोन लावला. तिकडे अजून रात्र सरली नव्हती.

"ऐक, आज परत गोळी बदलली," तिने सांगितलं. समोरून टेम्पो हॉर्न वाजवत होते, म्हणून ती ओरडून बोलत होती. "वाढवली. मी आपली तुला सांगून ठेवते. चोरून काय न्हाय."

पलीकडून मग मुलाने विचारलं, "किती एमजी?"

तिने पिशवीतून नव्या गोळ्यांचं पाकीट काढलं, हात लांब करून आकडा वाचला आणि त्याला सांगितला. तो म्हणाला, लिहून घेतलं. पायाला सूज येते का? जिना चढताना कसं वाटतं? ती दाराच्या पायरीवर बसली आणि एकेक सांगू लागली. रिक्षा आली होती. मी रिक्षावाल्याला हाताने थांब म्हटलं.