कड्यावर अडकलेला नवरा

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात नवऱ्याने मला न विचारता एका कड्याचं बुकिंग केलं. वेस्ट व्हर्जिनियात कातळात लोखंडी गज ठोकून वाट केली होती, शेजारून जाड तार. कमरेला बांधलेल्या पट्ट्याला दोन हुक असायचे. एक सोडवून तारेवर पुढे अडकवायचा, मग दुसरा. नवशिक्यांसाठी सोबत गाइड.

मला त्या शनिवारी झोपायचं होतं. अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरापासून तीन तास गाडीत तो कॉलेजात केलेल्या ट्रेकबद्दल बोलत राहिला. तिथे पोचल्यावर गाइड मुलगी हुक कसे लावायचे ते शिकवत होती, तेव्हा हा फोटो काढत होता. मी दोनदा कोपराने ढोसलं.

"अगं, सोपंय ते," तो म्हणाला.

कड्याच्या मध्यावर वाट एका कोपऱ्याला वळसा घालत होती. गाइड पलीकडे गेली, नवरा कोपऱ्यावर थांबला. मी त्याच्या मागे, माझ्यामागे एक अमेरिकन बाप आणि त्याची मुलगी.

"काय झालं?"

"काही नाही. व्ह्यू बघतोय."

त्याचं तोंड कातळाकडे होतं. दहा मिनिटं झाली. माझे हात भरून आले. गाइड पलीकडून सांगत होती, छान चाललंय तुमचं, आता डावा पाय. तो हलेना. मग माझ्या लक्षात आलं, त्याचे गुडघे थडथड उडत होते.

"तिला सांग, मला खाली जायचंय."

"खाली जायची वाट नाहीये. सकाळी सांगितलं तिने. आणि तूच सांग ना."

"मला इंग्लिश सुचत नाहीये."

रोज आठ तास इंग्लिशमध्ये मीटिंगा घेणारा माणूस. मला राग आला होता, आणि आता धड रागावताही येईना.

"बरं," मी म्हटलं. "मी सांगते ते कर. डावा पाय बाहेर काढ. अजून. गज आहे तिथे. ठेवलास? आता एक हुक काढ. एकच, दोन्ही नाही. एक म्हटलं ना मी."

गाइड पलीकडून आमच्याकडे बघत होती. ती छोटी मुलगी मागून बापाला विचारत होती, "ती त्याला का रागावतेय?"

तो कोपरा ओलांडायला आणखी पंधरा मिनिटं लागली. उरलेला सगळा कडा तो माझ्या आवाजावर चढला.

वर पोचल्यावर तो अर्धी बाटली पाणी प्यायला आणि बराच वेळ बसून राहिला. आता थँक यू म्हणेल असं मला वाटलं.

"तू जरा जास्तच ओरडत होतीस," तो म्हणाला. "लोक बघत होते."

मी त्याच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. परतताना गाडी मी चालवली. माझेही खांदे ठणकतायत हे त्याला चांगलं सुनावायचं ठरवलं होतं. पण पहिल्या सिग्नलला वळून बघितलं तर तो झोपला होता.