देव तुम्ही उतरवा

खडवलीच्या पुढे तळ्याकाठी माझी पत्र्याची खोली आहे. दारात जुनी अँबॅसिडर. बायको वारली तेव्हापासून मी ती हलवलेली नव्हती. शेवटी, जाऊ दे म्हटलं आणि गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली.

माणूस काटकुळा, कानावर बिडी. बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली त्याने. आत वाकला आणि मागे सरला. समोरच्या काचेखाली बायकोने एकवीरेचा फोटो चिकटवलेला.

"बाबा, देव तुम्ही उतरवा. दुसऱ्याचा देव आम्ही काढत नाय."

मी नख लावलं. निघेना. खरं सांगतो, मला काढायचाच नव्हता.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग विकताय कशाला? बसा आत, धक्का मारतो."

"येड्या, तुझा धंदा बुडेल."

"गावात भंगार कमी हाय का?"

त्याने चपला काढून खांदा लावला. उतारावर इंजिन खोकलं आणि लागलं. मी ब्रेक दाबणार, तोच तो मागून ओरडला, "थांबू नका! स्टेशनापर्यंत फिरवून आणा!"

मी थांबलो नाही. त्याचं नाव विचारायचं तेवढं राहिलं.