फ्रिजवरचा डबा आणि माझा विरह

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकातून येईल. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं माती खावी तरी किती? मी खाल्ली. तीही रोज सकाळी, अनशापोटी!

झालं असं की लेकीला पुण्यात मुलगी झाली आणि मंदा, म्हणजे आमची मंडळी, बाळंतपणाला तिकडं निघाली. पुंडलिकनगरच्या घरात मी एकटा. बसमध्ये चढता चढता ती म्हणाली, "अहो, तुमची सकाळची गोळी फ्रिजवरच्या डब्यात हाय. इसरू नका."

आता ही माझी पित्ताची गोळी मी कधी नीट पाहिलेलीच नव्हती. रोज सकाळी पलंगावर बसून हात पुढं करायचा, मंदानं तळहातावर गोळी ठेवायची, आपण गिळायची. संसार म्हणजे दुसरं काय असतं हो?

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. वरच एक बाटली. चष्मा पलीकडच्या खोलीत. एवढीशी पांढरी गोळी निघाली. म्हटलं, कंपनीनं आकार कमी केला वाटतं, चोर लेकाचे! आणि गिळली. 'लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही' असं प्रयोगशाळेत पोरांवर ओरडणारा तो मीच बरं का.

काही आठवडे गेले आणि सुरू झालं. छाती धडधडते काय, हात थरथरतात काय, झोप तर गायबच. आणि छातीत अशी जळजळ की विचारू नका!

मी लगेच ओळखलं. विरह!

इतक्या वर्षांत मंदाशिवाय एवढे दिवस मी कधी राहिलोच नव्हतो. दोरीवर तिची साडी नाही, सकाळी भांड्यांचा आवाज नाही, "आंघोळ करा आधी" म्हणून खेकसणारं कुणी नाही. घर खायला उठलं होतं. खरंच उठलं होतं हो, ते काही खोटं नाही.

आणि त्याच आठवड्यात वर्गात कुठला धडा असावा? थायरॉईडचा! फळ्यावर मी हृदयाची पेशी काढली. "हा हार्मोन पेशीत शिरतो, थेट केंद्रकात जातो आणि तिथली झोपलेली जनुकं जागी करतो. जनुकं हुकूम सोडतात, पेशी नवी प्रथिनं बनवते, आणि हृदय पळायला लागतं. हार्मोन जास्त झाला की धडधड, थरथर, घाम, झोप नाही."

माझ्या हातातला खडू लटलट कापत होता. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, तुम्हाला पण हेच व्हायलंय का?"

"माझं वेगळं आहे गं," असं म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

संध्याकाळी मंदाला फोन लावला. "तुझ्यावाचून नाय करमत. छाती धडधडती, आत आग पडलीय, डोळ्याला डोळा लागत नाय. ये तू."

आमच्यात असं बोलायची रीतच नाही. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच काय ते मी तिला आजवर मनातलं सांगितलेलं.

"अहो, येडे झाले का काय?" ती म्हणाली. पण लगेच लेकीला हाक मारून बसची वेळ विचारली.

लेकीच्या सासूबाईंना बोलावून घेऊन मंदा लगोलग हजर! केसांत गजरा, या वयात! मी मिठाईवाल्याकडून इमरती आणून ठेवली होती. ती लाजली, मीही लाजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर बसून ऐटीत हात पुढं केला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, माझ्या थायरॉईडच्या नव्या बाटलीचं सील कुणी फोडलं? आन् तुमच्या पित्ताच्या गोळ्या तर जशाच्या तशा!"

धडधड कशाची ते कळलं. जळजळ कशाची तेही कळलं.

डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. नाडी धरून हसायला लागला. "जयभीम सर! हा धडा तर तुम्हीच शिकवलाय की आम्हाला!"

परतताना रिक्षात मंदा डॉक्टरची चिठ्ठी उलटसुलट करून बघत होती. घर जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "म्हंजी फोनवर तुम्ही बोलले ते... गोळीनं बोलले का?"

आता इथं काय म्हणायचं असतं, हे कुठल्याही शहाण्या नवऱ्याला कळलं असतं. पण मी पडलो मास्तर! मी हार्मोनपासून सुरुवात केली. केंद्रक झालं, जनुकं झाली, प्रथिनं झाली. गोळी बंद केली तरी बनलेली प्रथिनं लगेच जात नाहीत, हळूहळू उतरेल, हेही समजावलं. रिक्षावाला आरशातून माझ्याकडं कीव आल्यासारखा बघत होता.

"उतरू द्या मग," मंदा म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं पुण्याला गेली, आपली बाटली घेऊन.

आता धडधड थांबलीय. झोपही लागते. पण सकाळी हात आपोआप पुढं होतो आणि तसाच राहतो. परवा अगदी राहवेना, म्हणून व्हिडिओ कॉल लावला.

"मंदा, लई आठवण येती गं."

"आधी डबा दाखवा."

दाखवला.

"छाती धडधडती का?"

"नाय."

"आग?"

"नाय."

"झोप?"

"लागती की."

"मग कशाची आठवण?" मांडीवरच्या नातीला थोपटत मंदा म्हणाली. "सगळं नॉर्मल हाय तुमचं. तुम्हीच शिकवलंय मला. राहते मी आणखी महिनाभर!"